ट्रम्प आला की अमेरिकन लोक म्हणतात 'चलो कॅनडा', पण खरंच गेलं कोण?

२०१६ चा फेब्रुवारी महिना. डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेचे अध्यक्ष होतील ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना गंमतच वाटत होती. त्याच गमतीत कॅनडातल्या एका रेडिओवाल्यानं वेबसाईट काढली. तिचा सार एवढाच होता की, ट्रम्प जिंकला तर केप ब्रेटन बेटावर राहायला या. घरं स्वस्त आहेत, समुद्र आहे, डोंगर आहेत आणि इथं माणसांची गरजही आहे.

यातला शेवटचा मुद्दा गमतीचा नव्हता. नोव्हा स्कोशिया प्रांतातलं हे बेट कोळसा आणि पोलाद यांवर जगत आलेलं. २००१ मध्ये तिथला पोलाद कारखाना बंद झाला, त्याच वर्षी सरकारी कंपनीची शेवटची कोळसा खाणही बंद पडली. तरुण पोरं कामासाठी बाहेर पडली आणि गावं म्हातारी व्हायला लागली.

वेबसाईट व्हायरल झाली. अमेरिकेतून चौकशीचा पाऊस पडला. त्या उन्हाळ्यात बेटावर पर्यटकही वाढले. पण बॅगा भरून, घर विकून कायमचे राहायला येणारे अमेरिकन? त्यांच्या जोरावर बेटाची लोकसंख्या काही वाढली नाही.

पुढं बेटावर माणसं आली, आणि चांगली हजारोंनी आली. ती वेगळीच होती. त्यांच्यापर्यंत जाण्याआधी थोडं मागं जायला लागतंय.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत निकाल ट्रम्प यांच्या बाजूनं झुकायला लागला आणि कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाईट बसली. रात्री अकराच्या सुमारास तिच्यावर दोन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी आले होते, त्यातले जवळपास निम्मे अमेरिकेतले. २००४ ला जॉर्ज बुश दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हाही दुसऱ्या दिवशी या वेबसाईटवर अमेरिकनांची गर्दी उसळली होती. २०२४ ला ट्रम्प परत आले, तेव्हा गुगलवर पुन्हा तोच सर्च वर गेला. म्हणजे ही आता अमेरिकेतली एक प्रथाच झालीये. आपल्याकडं निकालाच्या रात्री फटाके आणि गुलाल, तिकडं हरलेल्या बाजूला कॅनडाची वेबसाईट.

याला नुसतं नाटक म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन दरवर्षी ताणतणावाचा सर्व्हे करते. २०१६ मध्ये ५२ टक्के लोकांनी निवडणुकीचं मोठं टेन्शन असल्याचं सांगितलं होतं. २०२० मध्ये हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला, २०२४ मध्ये ६९ वर. एका थेरपिस्टनं २०१६ मध्ये या प्रकाराला 'इलेक्शन स्ट्रेस डिसऑर्डर' असं नावही दिलं. हा वैद्यकशास्त्रानं मान्य केलेला आजार नाही, पण शब्द चालला, कारण लक्षणं घरोघरी होती. झोप नाही, सारखा फोन हातात, जेवणाच्या टेबलावर भांडणं.

आता गंमत बघा. मत टाकून झालंय, निकाल लागलाय, माणसाच्या हातात काहीच उरलेलं नाही. अशा वेळी 'व्हिसा कसा मिळेल' हा सर्च हातात काहीतरी देतो. दार बंद असलं तरी दाराची कडी कुठं आहे ते बघून ठेवल्यासारखं. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं आणि ते झोपी जातात.

जे सकाळी उठून खरंच फॉर्म उघडतात, त्यांना दुसरा धक्का बसतो. कॅनडाला अमेरिकन माणसाचं घाबरणं दिसत नाही, त्याचे पॉईंट दिसतात. २०१५ पासून तिथं 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण पडतात. वय २० ते २९ असेल तर पूर्ण गुण. तिशीनंतर ते दरवर्षी घसरतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. म्हणजे राजकारणाचा सगळ्यात जास्त ताप घेणारा पन्नाशीचा प्राध्यापक इथंच गळपटतो. इंग्रजीची परीक्षा तर टेक्सासमध्ये जन्मलेल्यालाही द्यावी लागते. पुण्यात आयईएलटीएसच्या क्लासला जाणाऱ्या पोरांना हे वाचून बरं वाटेल.

त्यात अमेरिकन सरकार आपल्या नागरिकाच्या मागं मागं येतं. जगात कुठंही राहा, अमेरिकेला दरवर्षी कमाईचा हिशेब द्यावाच लागतो. नागरिकत्वावर असा कर लावणारे देश दोनच, अमेरिका आणि इरिट्रिया.

मग आकडे काय सांगतात? २०१५ मध्ये कॅनडात कायमचं राहण्याचा परवाना मिळालेले अमेरिकन नागरिक साडेसात हजारांच्या आसपास होते. २०१७ मध्ये ते नऊ हजारांच्या घरात गेले, २०१८ मध्ये अकरा हजारांच्या जवळ. वाढ झाली, नाही असं नाही. पण हिलरी क्लिंटन यांना साडेसहा कोटींहून जास्त मतं पडली होती. गॅलपच्या पाहणीत तर २०१७ आणि २०१८ मध्ये १६ टक्के अमेरिकनांनी संधी मिळाली तर देश कायमचा सोडू असं सांगितलं होतं. तिशीच्या आतल्या महिलांमध्ये हे प्रमाण ४० टक्के होतं. बोलणारे कोटींत आणि जाणारे हजारांत. त्या हजारांतलेही सगळे राजकारणामुळं गेले असं नाही. कुणाचा नवरा कॅनडाचा, कुणाची नोकरी तिकडची.

ब्रिटनचंही तसंच. २०२४ मध्ये ब्रिटिश नागरिकत्वासाठी ६,१०० हून जास्त अमेरिकनांनी अर्ज केले, २००४ पासूनचा सगळ्यात मोठा आकडा. बातम्या आल्या की ट्रम्पच्या भीतीनं लोक पळतायत. पण या अर्जासाठी साधारणपणे आधी काही वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं, नाहीतर आई-वडील ब्रिटिश लागतात. म्हणजे यातले बरेच जण आधीच तिकडं होते. त्यांनी नवीन काही केलं असेल तर एवढंच, की परत यायचा विचार सोडून दिला.

खरोखर देश सोडणारी लाट अमेरिकेनं एकदा पाहिली होती, व्हिएतनाम युद्धाच्या वेळी. सक्तीची लष्करभरती टाळायला हजारो तरुण कॅनडात गेले. पुढं जिमी कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ ला, कारभार हाती घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांना माफी दिली. तरी बरेच जण कॅनडातच राहिले. त्या पोरांना टेन्शन नव्हतं, त्यांच्या घरी सरकारी पत्र आलं होतं. फरक तिथं आहे.

आज असं पत्र कुणाच्या दारात येतं? मतदाराच्या फारसं नाही. ते येतं व्हिसावर राहणाऱ्याच्या दारात, आणि त्यात आपली मराठी माणसंही भरपूर आहेत. एच-१बी व्हिसाच्या मंजुऱ्यांमध्ये भारतीयांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ट्रम्प यांनी एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला, अंमल रविवारपासून. सोमवारी घटस्थापना होती. मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना मेल टाकले की, बाहेर असाल तर लगेच परत या. सॅन फ्रान्सिस्कोत विमानात बसलेले काही प्रवासी सुटण्याआधीच खाली उतरले. शनिवारी खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. तोवर चोवीस तास कितीतरी घरांत कुणी झोपलं नव्हतं.

या लोकांना मत नाही. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं होतं की, एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढं दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. हे गृहस्थ स्वतः १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडून गेलेले, त्यामुळं त्यांना दोन्हीची किंमत माहीत होती. अमेरिकन नागरिकाकडं दोन्ही वाटा आहेत. परदेशात गेला तरी त्याचं मत शाबूत राहतं. वापरतात कमीच म्हणा. २०२० मध्ये परदेशातल्या पात्र अमेरिकनांपैकी मत दिलं ते सुमारे आठ टक्क्यांनी.

एच-१बी वाल्याकडं आवाज नाही आणि नोकरी गेली तर निघायला मुदत ६० दिवस. म्हणून तो सर्च करून झोपत नाही. जुलै २०२३ मध्ये, टेक कंपन्यांत नोकरकपात चालू असताना, कॅनडानं खास अमेरिकेतल्या एच-१बी धारकांसाठी दहा हजार वर्क परमिटची योजना उघडली. अर्ज १६ तारखेला सुरू झाले आणि १७ तारखेला संपले. परवान्यासाठी अर्ज केला म्हणजे प्रत्येक जण गेलाच असं नाही, पण दहा हजार जणांची कागदपत्रं तयार होती.

आणि केप ब्रेटन? २०१८ च्या आसपास तिथल्या सिडनी शहरातल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थी यायला लागले, बहुतेक भारतातले. २०२३ मध्ये विद्यापीठात नऊ हजारांच्या आसपास विद्यार्थी होते आणि त्यातले तीन-चतुर्थांश परदेशी. ज्या बेटाला अमेरिकन लोक हवे होते, तिथं पंजाब आणि केरळची पोरं दुकानांत, हॉटेलांत, टॅक्सीत काम करायला लागली. लोकसंख्या वाढली. भाडीही वाढली, एकेका घरात दाटीनं पोरं राहायला लागली, आणि घरांची टंचाई हा देशभर राजकारणाचा विषय झाला.

जानेवारी २०२४ मध्ये कॅनडानं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. २०२५ साठी कायम रहिवाशांचं लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणलं. एप्रिल २०२५ च्या कॅनडाच्या निवडणुकीत घरं आणि इमिग्रेशन हे दोन्ही प्रचारात होते. २०२६ मध्ये नवे विद्यार्थी किती घ्यायचे याचा सरकारनं ठरवलेला आकडा आहे १,५५,०००. सिडनीत राहणाऱ्या त्या पोरांना या निवडणुकीतही मत नव्हतं. त्यांच्यातले बरेच जण आता कोर्स संपल्यावर मिळणाऱ्या वर्क परमिटचे महिने मोजतायत.