नाचणीची नवी प्रतिष्ठा आणि आपला धंदा

मनुष्य धान्याची निवड केवळ गुण पाहून करीत नाही, हे अडतीवर आयुष्य घालविलेल्या आम्हां लोकांस कोणी शिकवावयास नको. बेळगाव भागात ज्वारी व नाचणी हे कष्टकऱ्यांचे अन्न. गव्हाची पोळी सणाची, पाहुण्यांची. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू आला, पुढे हरितक्रांतीने तो देशातच मुबलक झाला, आणि रोज भाकरी खाणारे घर मागासलेले अशी समजूत रूढ झाली.

२०१८ साली केंद्र सरकारने या धान्यांस ‘पौष्टिक’ म्हणून अधिसूचित केले. २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. आता मोटारीतून उतरणारी मंडळी नाचणी मागतात. कारण विचारावे तर शेजाऱ्यांनी सुरू केली, किंवा डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली! आजीने जन्मभर सांगितलेले पटले नाही, ते पाकिटावर छापलेले पटते.

नाचणीचा गुण खोटा नव्हे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा अल्पांशही नाही. परंतु पिष्टमय अंश जवळजवळ गव्हाइतकाच असल्याने ती मधुमेहावरचे औषध ठरत नाही. भ्यालेल्या गिऱ्हाइकास मात्र तेच ऐकावयाचे असते, आणि ते ऐकविणाऱ्याचा माल खपतो. ‘मधुमेह घालवा’ असे फलक काही दुकानांवर दिसतात, ते आम्हांस सर्वथा अमान्य आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनीही रोग बरा करण्याचा असा दावा परवानगीवाचून वर्ज्य केला आहे.

पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ व हिवाळ्यात ७ दिवस मानणाऱ्या आपल्या घरांतूनही आज महिनोन्‌महिने मुदतीची मिश्र पिठाची पाकिटे येतात, याचे नवल वाटते. (गिरणीपर्यंत जावयास कोणास सवड नाही, हेही खरे. सूनबाईंस एकट्या दोष देऊ नये.) बाजरीचे पीठ तिच्यातील तेलामुळे किती लवकर कडवटते, हे व्यापाऱ्याच्या घरात तरी ठाऊक असावयास हवे. त्याच धान्यास पाकिटात कितीतरी अधिक भाव द्यावा लागतो, तो निराळाच.

बाजारातील हमाल आजही हीच भाकरी खातो. हौशी मागणीमुळे त्याच्या ताटातील धान्य महागले, तर त्याने कोठे जावे? म्हणून सभासदांनी निवडलेली सुटी नाचणी व शाळू दुकानात दर्शनी ठेवावी आणि ५-१० किलोच्या किरकोळ विक्रीवर नफा माफक घ्यावा, अशी सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे मांडणार आहोत.