तापलेले इंजिन आधी उघडा, मग निकाल द्या

मे महिन्यात घाट चढताना गाडी तापते, बॉनेटमधून वाफ येते आणि रस्त्याच्या कडेला लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "इंजिन गेलं." दुसरा म्हणतो, "हेड गॅस्केट बदला, बाकी काही होत नाही." दोघांनीही इंजिन उघडलेले नसते. माझे मत असे की हा निकाल हातात पाना, पट्टी आणि गेज घेऊनच द्यावा. हा विषय माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही. आपल्या एमटी शेडमध्ये असेच एक तापलेले इंजिन पडून आहे आणि ते न उघडताच भंगारात काढण्याची चर्चा चालू आहे.

आधी नुकसान का होते ते पाहू. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिमी लांबीच्या हेडचे तापमान १०० अंशांनी वाढले, तर ते सुमारे ०.९ मिमी लांबू पाहते. ब्लॉक त्याच्या निम्माच. पण बोल्टांनी जखडलेल्या हेडला मोकळेपणाने पसरता येत नाही. त्यात ताप सगळीकडे सारखा नसतो, म्हणून हेड वाकते. बहुतेक मॅन्युअलमध्ये हेडचा वाक ०.०५ ते ०.१ मिमीपर्यंतच चालतो. म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढासुद्धा जेमतेम. हे नुसत्या डोळ्यांना कसे दिसणार?

उघडण्याचीही शिस्त असते. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेडचे बोल्ट सैल करावेत, तेही टोकांकडून मध्याकडे आणि दोन-तीन टप्प्यांत. घाई केली तर हेड आपणच वाकवतो आणि दोष उष्णतेला देतो. हेड निघाले की लगेच धुऊ नये, कारण काजळी हा पुरावा आहे. तीन पिस्टन काळे आणि एकच स्वच्छ, चकचकीत दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होते असे समजावे. वाफेने तो धुऊन निघालेला असतो. जुने गॅस्केट फेकू नये. ते कुठे जळाले आहे त्यावरून गळतीची वाट कळते. मग स्ट्रेट एज हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेजने फट मोजावी. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत तडे आहेत का, हे रंग पसरवून तपासावे.

बरेच जण इथेच थांबतात. हेडला फेसिंग करून आणतात, नवे गॅस्केट टाकतात आणि गाडी मालकाला देतात. पण कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल, तर हेड वाकताना तिच्या बैठकांची ओळही वाकलेली असते. खालची बाजू सपाट केल्याने वरची ओळ सरळ होत नाही. म्हणून कॅमशाफ्ट हाताने फिरवून पाहावी. अडकत असेल तर नुसते फेसिंग पुरणार नाही. खाली चेंबरकडेही पाहायला हवे. तापलेले ऑइल पातळ होते, त्यात पाणी मिसळले तर दुधाळ होते आणि बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नाही. पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे आणि ताण हरवलेल्या रिंगा या गोष्टी वरून नीट कळत नाहीत.

यावर पालक म्हणतील, "एवढा खर्च कशाला?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. प्रत्येक तापलेले इंजिन पूर्ण खोला, असे मी म्हणत नाही. गाडी वेळेत थांबवली असेल, सगळ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन ठीक असेल, ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटमध्ये बुडबुडे येत नसतील, तर फाटलेला होज पाइप बदलून काम भागू शकते. तपासणी टप्प्याटप्प्याने करावी आणि पुढचा टप्पा मागच्याच्या पुराव्यावर ठरावा. पण हेड एकदा उतरवल्यावर अर्धवट पाहून इंजिन बंद करणे ही बचत नाही. तोच खर्च पुन्हा करावा लागतो, कधी कधी घाटाच्या मध्यावर.

माझा शेवटचा मुद्दा न्यायाचा आहे. गाडी तापली की पहिले बोट ड्रायव्हरकडे जाते. आपल्या शेडमधल्या इंजिनाबद्दलही "ड्रायव्हर भैयांनी पाणी बघितलं नसेल" असे सहज बोलले जाते. तसे झालेही असेल. पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील किंवा रेडिएटर आतून चोंदला असेल, तर? थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरसह तपासता येतो. त्यावर छापलेल्या तापमानाला, बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. काट्यावरही पूर्ण भरवसा नको. कूलंट गळून गेले की सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. ड्रायव्हरने काटा पाहिलाही असेल. कारण न शोधता इंजिन किंवा माणूस बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवे इंजिनही त्याच रेडिएटरवर तापेल.

आपल्यापैकी काही जण पुढे ईएमईमध्ये जातील. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी उघडणे, मोजणे आणि मगच ठरवणे हेच रोजचे काम असते. म्हणून प्रिन्सिपल सर आणि एमटी शेडमधल्या उस्तादांना माझी विनंती आहे: ते इंजिन भंगारात देण्याआधी हॉबीच्या तासांत आम्हाला ते उस्तादांच्या देखरेखीखाली उघडू द्यावे. प्रत्येक माप आम्ही तक्त्यात लिहू आणि तो तक्ता शेडच्या भिंतीवर लावू. इंजिन निकामी ठरले, तर भंगाराची किंमत कमी होणार नाही. आणि दोष थर्मोस्टॅटचा निघाला, तर भैयांबद्दल जे बोलले गेले ते आपल्याला मागे घेता येईल.