तारीख कोणाच्या सोयीची?

स्तंभ : वेशीवरून

आमच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲपवरचा गट आता आठ वर्षांचा झाला. न्यू जर्सीत दोघे, मेलबर्नला एक, दुबईत चौघे, पुण्या-चाकणात निम्मे आणि बाकीचे सोनई, घोडेगाव, चांदा, करजगाव या पट्ट्यात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे शेजाऱ्याच्या आधी आम्हाला कळतं. पण निरोप समारंभानंतर आम्ही सगळे एका पंगतीत जेवलेलो नाही. आता एकदा शनिवार-रविवार गाठून भेटायचं ठरलं आहे, आणि तेही आमच्या गावी, सोनईतच. कोणीतरी लोणावळ्याचं रिसॉर्ट सुचवलं होतं. ते मागे पडलं याचा मला फार आनंद झाला.

तारखेवर मात्र गाडी अडली ती अडलीच.

परदेशातल्यांचं म्हणणं, डिसेंबरचा शेवटचा आठवडा घ्या. नाताळची सुट्टी असते, ऑस्ट्रेलियात शाळा बंद असतात, दुबईतही मुलांना सुट्टी असते. म्हणणं चुकीचं नाही. पण तेव्हा सोनईत गाळप हंगाम भरात असतो. मुळा कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालू असतात. ज्याच्या उसाला तोड आली, तो शेत सोडून हलत नाही. टोळी आज आली आणि मालक गटगला, म्हणजे गेट-टुगेदरला, गेला, तर फड पुढे ढकलला जातो. आमच्यातले निदान दहा-बारा जण ऊसवाले आहेत.

दुसरी गोष्ट बाहेरच्याला सुचणार नाही. जगात इतरत्र शनिवार-रविवार म्हणजे मोकळे दिवस, पण सोनईत शनिवार हा सर्वांत गर्दीचा वार. शनिशिंगणापूर इथून पाच-सहा किलोमीटरवर. शिर्डीहून राहुरीमार्गे दर्शनाला निघालेला माणूस सोनईतूनच पुढे जातो. त्यात शनी अमावास्या आली की विचारूच नका. २०२५ साली २९ मार्च आणि २३ ऑगस्ट अशा दोन शनिवारी अमावास्या होती. ज्यांची शिंगणापुरात दुकानं आहेत, ज्यांच्या गाड्या शिर्डी-शिंगणापूर फेऱ्या करतात, त्यांना अशा दिवशी जेवायला बोलावणं म्हणजे त्यांची रोजी बुडवणं. म्हणून आमच्या भेटीचं पहिलं काम विमानाचं तिकीट पाहण्याचं नव्हतं, पंचांग उघडण्याचं होतं.

तिसरी अडचण मुलींची. मुली म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या बायका. गटावर त्या बोलतात, गाण्याच्या भेंड्या खेळतात, पण दोन दिवस घराबाहेर पडायचं तर सासू, सून, शाळेचा डबा, गोठा, सगळ्यांची परवानगी लागते. न्यू जर्सीतला मित्र रजा टाकून येऊ शकतो. श्रीरामपूरजवळच्या खेड्यात नांदणाऱ्या मैत्रिणीला रजा नावाची गोष्टच नाही. तिला माहेरी यायला निमित्त लागतं.

माझं मत मी गटावर मांडलं, तेच इथे मांडतो. तिकिटाला ज्याचे सर्वांत जास्त पैसे पडतात, त्याच्या सोयीने तारीख धरू नये. घरातून निघणं ज्याला सर्वांत अवघड, त्याच्या सोयीने धरावी. लांबून येणारा मोठं मन करून येतो हे खरं, पण त्याच्याकडे निवड असते.

अशा भेटींना महाराष्ट्रात आता बराच इतिहास आहे. १९९६ साली सुरू झालेल्या मायबोलीच्या वाचक-लेखकांनीच ‘गटग’ हा शब्द रुळवला, आणि त्यांचा पावसाळी वर्षाविहार म्हणजे ‘ववि’. नोव्हेंबर २०११ मध्ये, १८ ते २० तारखेला, शुक्रवार ते रविवार, मुंबई विद्यापीठात विकिपीडियावाल्यांची पहिली भारतीय परिषद भरली. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स स्वतः आले होते. वर्षानुवर्षं एकमेकांची वाक्यं दुरुस्त करणारी माणसं तिथे प्रथमच एकमेकांचे चेहरे पाहत होती. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ज्यांना येण्याजाण्याचा खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती ठेवलेली होती. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ चं अधिवेशन सॅन होजेला २७ ते ३० जून असं झालं, म्हणजे तिथल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत. तिथल्या लोकांनी आपल्या घरचं कॅलेंडर पाहिलं, मग आपण आपलं का पाहू नये?

आणि आपल्याकडे तर याहून मोठी शाळा आहे. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या हरिनाम सप्ताहाला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. दर श्रावणात तो वेगळ्या गावाच्या शिवारात भरतो आणि लाखोंची पंगत उठते. आमटी जागेवर कढईत शिजते, भाकरी मात्र पंचक्रोशीतल्या घराघरांतून येते. कुठल्या दिवशी कुठल्या गावाची भाकरी, हे आधी ठरलेलं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धुतलेलं कापड अंथरून भाकऱ्या येतात. ज्या बाईने पहाटे उठून दहा भाकरी थापल्या, ती पंगतीला आली काय, न आली काय, सप्ताहात तिचा वाटा पडलेला असतो. मी लहानपणी आईबरोबर भाकरीची टोपली घेऊन ट्रॉलीपर्यंत गेलो आहे. टोपलीवर नाव लिहिलेलं नव्हतं.

म्हणूनच वर्गणीची यादी आली तेव्हा मी अडून बसलो. परदेशातल्यांनी इतके, पुण्याच्यांनी इतके, गावातल्यांनी इतके, असा तक्ता होता. हेतू चांगला होता, पण त्यातून खालच्या ओळीतला माणूस पाहुणा होतो आणि वरच्या ओळीतला यजमान. पैसा लागणारच. मंडप, पाणी, राहण्याची सोय यांना पैसा लागतो आणि ज्याला शक्य आहे त्याने जास्त द्यावा, न बोलता द्यावा. पण ज्वारी, दूध, शेतातली जागा, दोन दिवसांचा ट्रॅक्टर, स्वयंपाकाला चार हात, हेही त्याच यादीत, त्याच रकान्यात लिहा. इव्हेंटवाल्याला कंत्राट देण्याची सूचना मी त्याच रात्री फेटाळली. ज्याच्या हाताला काम नाही तो भेटीत कोपऱ्यात बसून मोबाइल पाहतो, हे मी इतरांच्या मेळाव्यांत पाहिलं आहे.

तयारीच्या बैठका रविवारी रात्री आठला घेतो. तेव्हा न्यू जर्सीत सकाळ असते आणि मेलबर्नमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. तो बिचारा दर वेळी जागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली, हे आमच्या ध्यानात आलं नाही आणि दोघे बैठक संपता संपता आले. आता निरोपात आम्ही फक्त सोनईची वेळ लिहितो. आपापला हिशेब ज्याने त्याने करायचा.

शेवटी तारीख ठरली ती जानेवारीतल्या शनिवार-रविवारची, संक्रांतीनंतरची. हळदीकुंकवाला माहेरी येणं बायकांना सोपं पडतं. ज्वारी हुरड्याला आलेली असते. उसाच्या तोडीचं काय, तर ज्यांचा फड चालू असेल, त्यांच्या शेतात आम्हीच शनिवारी दुपारी जाऊ आणि बांधावर जेवू. न्यू जर्सीतल्या दोघांपैकी एकाला येणं जमणार नाही. तो नाराज झाला. त्याला मी फोन करून तासभर बोललो. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. तारीख मात्र बदलली नाही.

परवा रात्री श्रीरामपूरकडच्या मैत्रिणीचा गटावर निरोप आला. आठ वर्षांत तिने स्वतःहून लिहिलेला हा तिसरा की चौथा. ‘शनिवारी सकाळच्या पन्नास भाकरी माझ्याकडे लावा. पीठ घेऊन येते, चूल तुम्ही पेटवून ठेवा.’

– सोनईकर