लोकसंख्या मोजली, भाडे राहिले

पुण्याहून जयपूरला बदली झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता, जानेवारी २०२४ पासूनच्या दरांनुसार, मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येतो. जयपूर स्वस्त आहे, असे मात्र कोणी मोजून ठरविलेले नाही. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५० लाखांहून कमी भरली, एवढेच. त्याच निकषाने जयपूर, कोल्हापूर आणि बिकानेर एकाच ‘वाय’ श्रेणीत बसतात. पाच लाखांखालची सारी गावे-शहरे ‘झेड’मध्ये. महागाई भत्ता तर देशभर एकच.

येथील मराठी अधिकाऱ्यांची याविषयीची तक्रार रास्त असली, तरी दुखणे भत्त्यापुरते नाही. ग्रामीण आणि शहरी ग्राहक किंमत निर्देशांक आधारवर्षी १०० पासूनच सुरू होतात. भाव किती वेगाने वाढले, हे ते सांगतात. जयपूर शेजारच्या खेड्यापेक्षा किती महाग, हे सांगू शकत नाहीत. तरीही ग्रामीण आकडा शहरी आकड्याच्या वर गेला की खेडी महाग झाली, असा निष्कर्ष काढणारे जाणकार राजधानीत भेटतात. २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत तर ग्रामीण निर्देशांकात घरभाडे मोजलेच जात नव्हते.

दोहोंतील अंतर मोजण्याचा गंभीर प्रयत्न २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने केला. तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी राजस्थानची दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात दरमहा दरडोई ९०५ रुपये, तर शहरांत १,००२ रुपये ठरली. फरक ९७ रुपयांचा, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबामागे ४८५. गावी स्वतःचे छप्पर असलेल्या मजुराने जयपुरात येऊन एवढ्यात खोलीचे भाडे आणि कामावर जाण्याचे बसभाडे भागवावे, असा याचा अर्थ. ते न भागल्यास तो उपाशी राहील, पण कागदावर गरीब ठरेलच असे नाही. महाराष्ट्रात हाच फरक १५९ रुपयांचा होता आणि त्यातही मुंबई व जालना एकाच शहरी सरासरीत.

अर्थात खेडे स्वस्तच, हेही खरे नव्हे. सवाई मानसिंह रुग्णालय गाठणाऱ्या खेडुताचा प्रवास आणि बुडालेली मजुरी औषधाच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाला २०२५ मध्ये अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शहरांच्या श्रेणी लोकसंख्येऐवजी प्रत्यक्ष भाड्याच्या पाहणीवरून ठरवाव्यात, असा आग्रह आयोगाला धरता येईल. राष्ट्रीय नमुना पाहणीची यंत्रणा त्यासाठी हाताशी आहेच. ही पाहणी महानगरांच्या वेशीवर न थांबता तालुक्यापर्यंत गेली, तर दारिद्र्यरेषेच्या फेरआखणीलाही तीच कामी येईल.