धागा नव्हे, झाड

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल अवतरले आणि ईपत्रांच्या गठ्ठ्याला 'कॉन्व्हर्सेशन', म्हणजे संभाषण, म्हणण्याची रीत रूढ झाली. आमचा आक्षेप या नावालाच आहे. जे दाखवले जाते ते संभाषण नसून त्याची आवक-नोंदवही आहे.

प्रत्येक ईपत्राला स्वतंत्र ओळखचिन्ह असते आणि आपण कोणत्या पत्राचे उत्तर आहोत हे उत्तराच्या शीर्षनोंदीत लिहिण्याची सोय १९८२च्या आरएफसी ८२२ या मानकातच आहे. एका पत्राला तिघांनी उत्तरे दिली आणि त्यांतल्या एकाचा दोघांनी प्रतिवाद केला, तर फांद्या फुटतात. जीमेल पत्रे एकत्र आणते, पण मांडताना फांद्या छाटून काळानुक्रमे एकाखाली एक रचते. त्यामुळे मूळ प्रश्नाला दिलेले उत्तर मधल्याच कुणाला दिल्यासारखे भासते आणि जो शेवटी बोलला त्याने वाद जिंकला असे वाटू लागते. उद्धृत केलेला मजकूर तर तीन टिंबांमागे दडवलेला असतो.

हे अटळ होते काय? मुळीच नाही. नेटस्केप मेलच्या २.० आणि ३.० या आवृत्त्यांसाठी जेमी झविन्स्की यांनी रचलेली पद्धत पत्रांचे झाडच उभारत असे. मूळ पत्र हाती नसेल, पण त्याची एकाहून अधिक उत्तरे असतील, तर ती पद्धत मूळ पत्राची जागा रिकामी राखून उत्तरे तिच्याखाली भावंडांसारखी ठेवी. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांना ही शिस्त परकी वाटली नसती. हस्तलिखितांचा वंशवृक्ष लावताना हरवलेल्या पूर्वज-प्रतीलाही स्थान द्यावे लागते.

यावर सोयीचा युक्तिवाद केला जाईल: सामान्य वाचकाला झाड झेपत नाही, सरळ यादी बरी. पण थंडरबर्डमध्ये झाड आजही दिसते आणि लोक ते वाचतात. जीमेलने २०१०मध्ये ही गठ्ठेबांधणी बंद करण्याची मुभा दिली खरी; मात्र ती बंद केली की पत्रे सुटी होतात, फांद्या परत येत नाहीत. गाठोडे किंवा पसारा, एवढीच निवड उरते.

साहित्याच्या अभ्यासकांनी हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होऊ नये. लेखकांचे वाद, संपादकांशी झालेली घासाघीस, अनुवादकांच्या शंका हे सारे गेली कित्येक वर्षे ईपत्रांतच साठते आहे. उद्या त्याच्या आवृत्त्या निघतील, तेव्हा पडद्यावरच्या यादीची छापील प्रत संहिता म्हणून पुढे केली गेली, तर कोण कोणाला काय म्हणाले हेच हरवेल. पत्रे मूळ रूपात, शीर्षनोंदींसह जतन करावीत, असा आमचा आग्रह आहे. क्रम घड्याळही लावते; संबंध शोधणे हे संपादकाचे काम आहे.