चिठ्ठीची शिक्षा आणि शंभर टक्के निकाल

परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलाला शाळेबाहेर काढण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिच्यात काही गैर असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. नववीच्या परीक्षेत मुलाच्या कंपासपेटीतून एक चिठ्ठी निघते. पर्यवेक्षक ती मुख्याध्यापकांकडे नेतात. दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणे जाते आणि रोज बुडवून आलेल्या बापापुढे दोन पर्याय ठेवले जातात. एक तर मुलावर 'कारवाई' होऊ द्यावी, नाहीतर मुकाट्याने दाखला घेऊन जावे. कारवाई म्हणजे नेमके काय, हे त्याला कोणी सांगत नाही. ते न सांगण्यातच तिचा धाक असतो. तो दाखला घेतो. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा एक रकाना असतो. त्यात लिहिले जाते, 'पालकांच्या विनंतीवरून'.

या दोन शब्दांत सारे प्रकरण गाडले जाते. कागदोपत्री कोणी कोणाला काढलेलेच नसल्यामुळे चौकशी नाही, लेखी आदेश नाही आणि आदेश नाही म्हणून त्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही नाही. हकालपट्टीला विनंती म्हणण्याची ही युक्ती ज्या व्यवस्थेला सुचली, तीच व्यवस्था मुलाला प्रामाणिकपणाचे धडे देत असते!

नववीच का, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सोळावे कलम प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली; पण काढून टाकण्याची मनाई त्या दुरुस्तीनेही हलवली नाही. म्हणजे आठवीपर्यंत चिठ्ठी सापडली तरी मुलगा शाळेतच राहतो. नववीत पाऊल टाकताच कायद्याचे हे छत्र संपते, आणि दहावीच्या निकालाची सावली तेथूनच सुरू होते.

खरी गोम आहे ती येथे. दहावीचा शंभर टक्के निकाल हे आज शाळांचे भांडवल झाले आहे. जूनमध्ये चौकाचौकात लागणारे फलक, पुढील वर्षीचे प्रवेश, तुकड्या टिकणे, तुकड्यांवर अवलंबून असलेली शिक्षकांची पदे, संस्थाचालकांची गावातील पत हे सारे त्या एका आकड्याला टांगलेले असते. आकडा वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. कच्च्या मुलांना शिकवणे हा पहिला. तो कष्टाचा, आणि रिक्त पदांनी गांजलेल्या शाळेला न परवडणारा. दुसरा सोपा आहे. कच्ची मुले दहावीच्या वर्गापर्यंत पोचूच द्यायची नाहीत. त्यांना नववीत अडवावे, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा 'सल्ला' द्यावा. चिठ्ठी सापडलेला मुलगा बहुधा याच कच्च्यांपैकी असतो. ज्याला गणित येते त्याला गणिताची चिठ्ठी लागत नाही! त्यामुळे शाळेला दोन लाभ एकदम पदरात पडतात. शिस्तीचा लौकिकही वाढतो आणि पुढल्या वर्षीचा एक संभाव्य नापासही कमी होतो. या शिक्षेत नीतीचा भाग किती आणि हिशेबाचा किती, हे ज्याने त्याने तपासावे.

या शिक्षेचे समर्थक म्हणतील की, धाक नसेल तर अभ्यास करणाऱ्या प्रामाणिक मुलावर अन्याय होतो. आक्षेप पोकळ नाही. रात्री घासलेटच्या दिव्याखाली शिकून पन्नास गुण मिळवणाऱ्या मुलीच्या शेजारी कोणी चिठ्ठीवरून साठ मिळवावेत, हे समाजवादी माणसाला तर मुळीच मानवू नये. नक्कल ही चोरीच आहे आणि तिला शिक्षा हवी. परंतु त्या मुलीवरील अन्याय दूर होतो तो चोरलेले गुण काढून घेतल्याने. त्या विषयात शून्य द्या, पुन्हा परीक्षेला बसवा, अधिक अवघड प्रश्नपत्रिका द्या. एवढ्याने तिचा हिशेब पुरा होतो. मुलाला शाळेतून उठवून वीटभट्टीवर किंवा हॉटेलात पाठवल्याने तिच्या गुणांत एकाचीही भर पडत नाही.

दुसरा मुद्दा ऐकून घेण्याचा. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेतील तीन विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या आरोपावरून रद्द केले, पुढल्या वर्षी बसण्यासही बंदी घातली, आणि हे सारे त्यांचे म्हणणे न ऐकता केले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली न्यायालयाने मंडळाचा युक्तिवाद फेटाळला. ज्या निर्णयाने विद्यार्थ्याचे आयुष्य बदलते, तो त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय घेता येणार नाही, हे सूत्र त्या निकालाने घालून दिले. १९७० च्या बिहारच्या प्रकरणात न्यायालयाने संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला ऐकण्याची गरज नाही असे म्हटले, हे खरे. पण तेथे कोणा एकावर ठपका ठेवलेला नव्हता, आणि सर्वांना पुन्हा परीक्षेस बसण्याची वाट मोकळी होती. आज महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत गैरप्रकार झाला तर विद्यार्थ्याला खुलासा देता येतो आणि शिक्षा मंडळाच्या शिक्षासूचीनुसार ठरते. शाळेच्या घरगुती परीक्षेत मात्र मुख्याध्यापकांची खोली हेच न्यायालय आणि त्यांची मर्जी हीच शिक्षासूची! मोठ्या परीक्षेत मिळणारा न्याय लहान परीक्षेत का मिळू नये?

आणि नक्कल शिकवतो कोण? गांधीजींनी आत्मकथेत आपल्या राजकोटच्या शाळेतील प्रसंग सांगितला आहे. तपासणीला इंग्रज अधिकारी आले असता एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग त्यांना जमेना. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिहिण्यास सुचवले. मोहनदासाने ते केले नाही, आणि वर्गात तोच एकटा चुकला. मुलाने नक्कल करावी ही त्या शिक्षकांची निकड होती, कारण तपासणी मुलांची नव्हती, शाळेची होती. शतक उलटून गेले तरी बूट तोच आहे. बोर्डाच्या केंद्रावर खिडकीतून कागद फेकणारे, उत्तरे फळ्यावर लिहून देणारे, भरारी पथक येत असल्याची आगाऊ वर्दी देणारे हात मुलांचे नसतात. राज्याची २०१९ ची शिक्षक पात्रता परीक्षा तर अशी गाजली की, २०२१ च्या अखेरीस परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. पैसे मोजून शिक्षक होऊ पाहणारे ते सारे उद्या नववीच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभे राहणार होते!

२०२४ साली संसदेने सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आणि त्यांना सामील असलेल्या यंत्रणांवर आहे. परीक्षार्थींना त्या कायद्याच्या फौजदारी शिक्षेतून वगळले आहे. त्या सरकारशी अन्य शंभर बाबतींत मतभेद असले, तरी या बाबतीत कायद्याचे लक्ष योग्य जागी आहे. विशी-पंचविशीच्या उमेदवाराला जी सवलत मिळते, ती चौदा वर्षांच्या पोराला नाकारण्याचे कारण काय?

२०२२ च्या ऑक्टोबरात जमशेदपूरला नववीतील एका मुलीवर नकलेचा संशय घेऊन शिक्षिकेने चिठ्ठ्या शोधण्यासाठी तिचे कपडे उतरवायला लावले. मुलीने घरी जाऊन स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला, आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. शिक्षिकेला अटक झाली. शिस्तीच्या नावाने जे खपवून घेतले जाते त्याची मजल कोठवर जाते, हे सांगायला याहून अधिक शब्दांची गरज नाही.

तालुक्यातालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे बरेच आहे आणि त्याला मोर्चाची गरज नाही. परीक्षेच्या हंगामात शाळेत बोलावलेल्या बापाबरोबर एक लिहिता-वाचता माणूस गेला, तरी अर्धे काम होते. आरोप लेखी मागावा. चिठ्ठी त्या प्रश्नपत्रिकेशी संबंधित आहे का, ती मुलाच्याच हस्ताक्षरात आहे का, हे पाहावे. मुलाचे म्हणणे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. शिक्षा त्या विषयापुरती ठेवण्यास सांगावे आणि शाळा ऐकत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. त्याची पोच घ्यायला विसरू नये. पालक-शिक्षक संघाच्या सभेत आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. गेल्या पाच वर्षांत नववीतून किती मुले दाखला घेऊन गेली आणि त्यांतली किती पुढे दुसऱ्या शाळेच्या हजेरीपटावर दिसतात? दाखल्यांची नोंदवही शाळेतच असते. आणि बापाने सही करण्यापूर्वी कारणाचा तो रकाना त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. विनंती त्याने केलेली नसेल, तर त्या कागदाखाली त्याचा अंगठा उठता कामा नये.