सेल्फ फिरेना? आधी कारण शोधा



सकाळची पाळी गाठायची घाई, डबा हँडलला अडकवलेला, आणि सेल्फचे बटण दाबावे तर इंजिन फिरतच नाही! मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जाणारा कामगार असो की मिरकरवाड्याहून मासळी नेऊन विकणारी भगिनी असो, हातावर पोट असलेल्या घरात गाडी अडली की त्या दिवसाची कमाई बुडते. त्यात घाबरून नवी बॅटरी किंवा अख्खी स्टार्टर मोटर घेतली, तर महिन्याचा हिशेबच कोलमडतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी पाच मिनिटे गाडीचे ऐका.

प्रथम चावी फिरवून हॉर्न वाजवा. हेडलाइटवरून अंदाज बांधू नका. एप्रिल २०१७ नंतरच्या पुष्कळ गाड्यांचा हेडलाइट इंजिन सुरू झाल्यावरच लागतो.

हॉर्न, इंडिकेटर काहीच चालत नसेल, तर फ्यूज उडाला आहे, टर्मिनल सुटले आहे किंवा बॅटरी पार उतरली आहे. फ्यूजच्या जागी साधी तार कधीही घालू नका. गाडी पेटू शकते.

हॉर्न खणखणीत, पण बटण दाबल्यावर चिडीचूप? लाल किल स्विच पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये आणा, क्लच दाबा, साइड स्टँड वर घ्या. स्कूटर असेल तर ब्रेक दाबून धरा.

'टक-टक-टक' असा आवाज आला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल गंजले आहे. चांगली चार्ज झालेली बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या.

एकच 'टक्' आणि हॉर्न जोरात असेल, तर दोष रिलेत, जाड वायरीत किंवा मोटरमध्ये. अनेकदा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. मोटर बदलायला सांगितले, तर आधी ब्रश तपासून दाखवायला सांगा. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा मात्र मेकॅनिककडेच जावे.

आपल्या रत्नागिरीत खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. गंज हा इथला नेहमीचा पाहुणा. चावी बंद करून आधी वजा (–) टर्मिनल सोडा, मग अधिक (+). गंज कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने पुसा, पॉलिश पेपरने घासा, कोरडे करा. जोडताना आधी अधिक, शेवटी वजा. वरून व्हॅसलिनचा हलका हात द्या. बटणही एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका.

गाडी बिघडली की कुणी लिंबू-मिरची बांधायला सुचवील. आपण तो मार्ग १९५६ साली नागपुरात सोडला. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणामही दूर होतो, ही तथागतांची शिकवण फक्त वंदनेपुरती नाही. ती बॅटरीच्या टर्मिनललाही लागू पडते.

येत्या रविवारी सीट उघडून मुलांना, आणि मुलींनाही, फ्यूज व टर्मिनल दाखवा. कॉलेजच्या वाटेवर स्कूटर बंद पडली तर लेक कुणाच्या तोंडाकडे पाहत उभी राहणार नाही.

जयभीम!